प्रस्थानाची तारीख कोण ठरवते?

हिमालयातील पदयात्रांसाठी हवामानाची माहिती आज पूर्वी कधी नव्हती इतकी हाताशी आहे. उणीव आहे ती त्या माहितीप्रमाणे निघण्याचा दिवस बदलू देणाऱ्या व्यवस्थेची.

२०२५ सालची अमरनाथ यात्रा ३ जुलैला सुरू झाली आणि ९ ऑगस्टला, श्रावण पौर्णिमेला, संपायची होती. प्रत्यक्षात ती ३ ऑगस्टपासूनच बंद करावी लागली. पहलगाम आणि बालताल या दोन्ही वाटा पावसाने इतक्या खचल्या होत्या की, दुरुस्तीवाचून त्यांवरून माणसे नेणे धोक्याचे होते. प्रशासनाचा हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यातून पुढे येणारा प्रश्न एका यात्रेपुरता किंवा एका वर्षापुरता नाही. उंच पर्वतातील अनेक दिवसांच्या पायी प्रवासाला कधी निघायचे, हे आपण कशाच्या आधारे ठरवतो? आणि ज्याला निघायचे आहे, त्याच्या हाती हा निर्णय कितपत उरतो?

अमरनाथ यात्रेचा शेवट पंचांग ठरवते, आरंभ मात्र माणसे ठरवतात. श्रावण पौर्णिमा कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, तर अधिक महिन्याच्या वर्षी थेट महिनाअखेरीस. म्हणूनच २०२३ मध्ये यात्रा ६२ दिवसांची झाली, २०२४ मध्ये ५२ दिवसांची आणि २०२५ साठी ती ३८ दिवसांची आखली गेली. वाटेवरचे बर्फ हटणे, सुरक्षा दलांची तैनाती, तंबू व लंगरांची सिद्धता हे सारे पाहून आरंभाची तारीख श्राइन बोर्ड जाहीर करते. या तारखेत हवामानाचा विचार नसतो असे नाही. पण तो एकदाच, काही महिने आधी होतो आणि मग गोठतो. त्यानंतर यात्रेकरूच्या परवान्यावर वाट आणि दिवस दोन्ही छापले जातात.

परंपरेतले हवामान

प्रस्थानाचा दिवस ऋतू पाहून ठरवणे ही आधुनिक कल्पना नव्हे. मराठी माणसांची ज्या पदयात्रेशी मोठी जवळीक आहे, ती नर्मदा परिक्रमा चातुर्मासात थांबते. नद्यानाले फुगलेले असताना परिक्रमावासी एका ठिकाणी मुक्काम करतो आणि चातुर्मास संपल्यावर पुन्हा चालू लागतो. बदरी-केदारची कपाटे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात व दिवाळीनंतर बंद होतात. त्यामागेही बर्फाचे गणित आहे. ज्यांच्यापाशी पर्जन्यमापक नव्हता, त्यांनी अनेक पिढ्यांचा अनुभव तिथीत बांधून ठेवला. आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ती दीर्घकालीन सरासरीच होती.

पंढरीची वारी मात्र नेमकी पावसाच्या तोंडावर निघते, आणि तरीही तिची तिथी बदलण्याचे कारण नाही. तिच्या वाटेवर गावे आहेत, ओसऱ्या आणि शाळा आहेत, मागे फिरायला रस्ता आहे. पावसाने वारकरी भिजतो, चिखलाने दमतो. पण पाऊस आला म्हणून त्याचा परतीचा मार्ग सहसा तुटत नाही. चार हजार मीटरवरची खिंड ओलांडणाऱ्याला ही सोय नसते. स्थिर तारीख दोन्हीकडे असली, तरी तिचे मोल दोन्हीकडे सारखे नसते.

सरासरीची मर्यादा

सरासरी आपल्याला हंगाम सांगते, दिवस सांगत नाही. जून २०१३ मधील केदारनाथची आपत्ती याचे सर्वांत जळजळीत उदाहरण आहे. जूनचा मध्य म्हणजे यात्रेचा भर. त्या पर्वतांत मोसमी पाऊस अजून स्थिरावलेला नसतो, हा नेहमीचा हिशेब. त्या वर्षी मोसमी पावसाने १६ जूनलाच संपूर्ण देश व्यापला. तेव्हाच्या सर्वसाधारण तारखेपेक्षा हे जवळपास एक महिना आधी होते. पश्चिमेकडून आलेल्या वाऱ्यांच्या प्रणालीशी त्याची गाठ पडली, अतिवृष्टी झाली, चोराबारी तलाव फुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली.

नेपाळमध्ये ऑक्टोबर हा पदभ्रमणाचा सर्वोत्तम महिना मानला जातो. पण १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि दोनच दिवसांत त्याचे अवशेष अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ होऊन कोसळले. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास ४० हून अधिक माणसे दगावली. आंध्रच्या किनाऱ्यावरील वादळ हिमालयातील खिंडीत मारू शकते, हे महिन्याच्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२१ चा अनुभव धोरणाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १७ ते १९ ऑक्टोबर या काळात उत्तराखंडात अवकाळी अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता आणि त्यावरून चारधाम यात्रेकरूंना जिथे आहेत तिथेच थांबवण्यात आले. याच वादळात हर्सिलहून चितकुलकडे जाणाऱ्या लमखागा खिंडीच्या वाटेवर पदभ्रमण करणारे काही जण मृत्युमुखी पडले. ते इशाऱ्यापूर्वीच निघाले होते आणि संपर्काच्या पलीकडे पोहोचले होते. इशारा एकच होता. ज्यांच्यापर्यंत पोहोचला ते वाचले. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतील सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातील नऊ जण परतले नाहीत. तोही पदभ्रमणाचा हंगामच होता.

एक तारीख, तीन निर्णय

या घटनांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. निघण्याची तारीख हा एक निर्णय नसून तीन निर्णय आहेत, आणि प्रत्येकाला वेगळी माहिती लागते. कोणत्या महिन्यात जायचे, हे तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी सांगतात. या नोंदीही बदलत असतात. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून पाऊस परतण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ‘पाऊस संपला’ असे गृहीत धरून हिमालयाचा बेत आखणाऱ्याने ही दुरुस्ती ध्यानात घ्यायला हवी.

कोणत्या आठवड्यात जायचे, हे विस्तारित पल्ल्याच्या अंदाजावरून ठरवता येते. हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा असा अंदाज प्रसिद्ध करते. त्यातून दिवसाचा पाऊस कळत नाही, पण पावसाचा जोर वाढणार की ओसरणार, याचा कल कळतो. तिसरा निर्णय दिवसाचा. त्यासाठी तीन ते पाच दिवसांचा अंदाज आणि जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा हाच आधार.

इथे एक गोष्ट सहसा सुटते. लांबच्या पदयात्रेत धोक्याचा दिवस हा निघण्याचा दिवस नसतो; सर्वांत उंच टप्पा ओलांडण्याचा दिवस असतो. खिंड सहाव्या दिवशी यायची असेल, तर पायथ्याशी पाहिलेला तीन दिवसांचा अंदाज तिथवर पोहोचतच नाही. म्हणून तारखेचे गणित खिंडीपासून मागे मोजत यायला हवे आणि खिंडीखालच्या तळावर एक-दोन दिवस राखीव हवेत. ज्या कार्यक्रमात असा एकही मोकळा दिवस नाही, तो कार्यक्रम नसून पैज आहे.

शिवाय अंदाज कोणत्या जागेचा, हेही महत्त्वाचे. मोबाइलवर दिसते ते बहुधा खालच्या गावाचे हवामान. दर हजार मीटर चढताना तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. २,००० मीटरवरील मनालीत १८ अंश असताना ५,००० मीटरच्या खिंडीत पारा शून्याखाली असतो. गावातला पाऊस तिथे बर्फ असतो.

माहिती येते, तेव्हा दार बंद असते

एवढी माहिती असूनही ती वापरता का येत नाही? कारण आपल्या साऱ्या व्यवस्था तारखेचा निर्णय नेमका तेव्हा पक्का करून घेतात, जेव्हा माहिती सर्वांत कमी असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पदभ्रमण संस्थांच्या तुकड्या काही महिने आधी भरतात. कार्यालयातली रजा, मुलांची सुटी, परवान्यावरचा दिवस हे सारे ठरून गेल्यावर चार आठवड्यांचा अंदाज हाती येतो. इशारा येतो तोवर पैसे भरलेले असतात आणि ते परत मिळण्याची शाश्वती नसते. वर्षभर साठवलेली पुंजी खर्चून पुण्याहून वा पाटण्याहून आलेल्या माणसाला नारिंगी इशारा दिसतो, पण त्याने माघारी फिरायचे, तर सगळा तोटा त्याच्या एकट्याच्या पदरी. अशा वेळी तो पुढे जातो, याला बेपर्वाई म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो व्यवस्थेने घालून दिलेल्या वाटेनेच चाललेला असतो.

डोंगरातल्या माणसांचीही हीच कोंडी आहे. घोडेवाले, डोलीवाले, ओझी वाहणारे आणि वाटाडे यांची कमाई थोड्या आठवड्यांवर अवलंबून असते. बंद ठेवलेला प्रत्येक दिवस त्यांच्या चुलीवर येतो. वातावरण बिघडत असल्याचे आधी त्यांना कळते, पण थांबण्याचा सल्ला देणे त्यांनाच परवडत नाही.

काय बदलता येईल

पहिली सुधारणा परवान्याची. एका दिवसाऐवजी चार-पाच दिवसांच्या मुदतीचा परवाना द्यावा आणि रोजच्या मर्यादेतील काही जागा इशाऱ्यामुळे खोळंबलेल्यांसाठी राखून ठेवाव्यात. दुसरी, परताव्याची. नारिंगी वा लाल इशारा असेल, तर सरकारी निवास, हेलिकॉप्टर सेवा आणि नोंदणीकृत पदभ्रमण संस्थांनी दंड न आकारता तारीख बदलून द्यावी. संस्थांच्या नोंदणीसाठी ही अटच असावी. तिसरी, राखीव दिवसाची. ठरावीक उंचीपलीकडच्या प्रत्येक कार्यक्रमात मोकळा दिवस आणि माघार घेण्याचा लेखी नियम सक्तीचा करावा. चौथी, रोजगाराची. इशाऱ्यामुळे बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई नोंदणीकृत घोडेवाले व वाटाड्यांना विम्यातून मिळावी, म्हणजे थांबा म्हणण्याचे बळ त्यांच्यात येईल.

पाचवी सुधारणा माहितीचीच आहे. प्रत्येक मोठ्या वाटेसाठी कोणत्या तारखेला ती खुली होती, कधी बंद राहिली, किती पाऊस वा बर्फ पडला, याची वर्षवार नोंद हंगामापूर्वी प्रसिद्ध व्हावी. ‘मिशन मौसम’साठी केंद्राने २०२४ मध्ये २,००० कोटी रुपये मंजूर केले; त्यातील काही भाग खिंडी आणि तळांवरील स्वयंचलित केंद्रांवर खर्च झाला, तर अंदाज गावाऐवजी वाटेचा देता येईल. उपग्रह फोनवर आपल्याकडे सुरक्षेच्या कारणाने निर्बंध आहेत. ते राहणारच असतील, तर नेटवर्कपलीकडच्या तळांवर इशारा पोहोचवणारे बिनतारी ठाणे उभारणे ही शासनाची जबाबदारी ठरते.

आक्षेप घेतले जातील, आणि ते पोकळ नाहीत. तारखा लवचिक केल्या, तर गर्दी एखाद्या स्वच्छ दिवशी एकवटेल. अमरनाथसारख्या यात्रेत सुरक्षा दलांचे वेळापत्रक रोज हलवता येत नाही. शिवाय इशारे चुकतात; दोनदा विनाकारण थांबवले गेलेले लोक तिसऱ्यांदा ऐकत नाहीत. यांतील पहिल्या दोन अडचणींवर राखीव जागांची मर्यादा हाच उपाय आहे. तिसऱ्यावर प्रामाणिकपणा हाच उपाय: इशारा किती वेळा खरा ठरला आणि किती वेळा नाही, हेही लोकांपुढे ठेवावे.

तारीख नीट निवडली म्हणून संकट टळेलच असेही नाही. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ अचानक लोंढा येऊन किमान १५ जण दगावले. तिथल्या केंद्रावर नोंदला गेलेला पाऊस ढगफुटीच्या व्याख्येत, म्हणजे तासाला १०० मिलिमीटरमध्ये, बसत नव्हता. तंबू कुठे ठोकायचे आणि एका वेळी किती माणसे वर असू द्यायची, हे प्रश्न तारखेइतकेच गंभीर आहेत. ऑगस्ट १९९६ मध्ये याच वाटेवर २४० हून अधिक यात्रेकरू हिमवर्षावात व थंडीत मरण पावले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने संख्येवर मर्यादा घालण्याची शिफारस केली होती, ती याच जाणिवेतून.

तरीही तारीख हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दरड थोपवायला कोट्यवधी रुपये लागतात. दोन दिवस थांबायला लागते ती थांबण्याची मुभा. हवामान खात्याने १५० वर्षे नोंदी ठेवल्या, महासंगणक उभारले, रंगांची भाषा घरोघरी पोहोचवली. आता परवान्यावर छापलेल्या तारखेला ती भाषा समजायला हवी. नाहीतर आपण माणसांना आभाळ वाचायला शिकवू आणि वाचलेले अमलात आणायची संधी मात्र नाकारू.