आडात असूनही पोहरा रिकामा

एखाद्या मराठी संकेतस्थळावर ‘विहीर’ हा शब्द शोधून पाहा. ‘विहिरींचे पुनर्भरण’ हा लेख तेथे असला, तरी तो सापडेलच असे नाही. साधी शोधयंत्रणा केवळ अक्षरे जुळवते. सामान्यरूप होताना ‘ही’चा ‘हि’ होतो, हे तिला ठाऊक नसते. ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ यांचे नातेही ती ओळखत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात असूनही पोहरा रिकामाच वर येतो.

म्हणून लेखाला जोडावयाचे विषयशब्द, म्हणजे टॅग, मूळ रूपात द्यावेत: विहीर, पाणी, भूजल. बोलीतील ‘बाव’ही त्यांत असावी, कोकणातील वाचक कदाचित तोच शब्द शोधील. मजकूर युनिकोडमध्ये असणे तर अनिवार्यच. जुन्या फॉन्टमधील अक्षरे डोळ्यांना देवनागरी दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती बहुधा रोमन चिन्हेच असतात.

हे काम केवळ तंत्रज्ञांवर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सामान्यरूप तुम्ही परीक्षेपुरते शिकत नाही. गरजू वाचकाला न सापडणारा लेख त्याच्यापुरता लिहिलेलाच नसतो. तो सापडावा, ही मराठीच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे.