पिशवीचा निकाल कशावर?



हिमायतनगरच्या बैठकीत मागच्या महिन्यात एका ताईंनी सोनोग्राफीचा कागद पुढे केला. वय पंचेचाळीस, पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. ‘अस्तर जाड झालंय, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,’ असे एका खाजगी दवाखान्यात सांगितलेले. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. अस्तराचा तुकडा तपासला का, असे विचारले तर त्या नुसत्या बघत राहिल्या.

ही भीती मराठवाड्याने पाहिलेली आहे. एकट्या बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगावे लागले. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी जणी त्यांत होत्या.

जाड अस्तर म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशींचे रूप ठीक असेल तर वीस वर्षांतही शंभरात पाच जणींनासुद्धा कॅन्सर होत नाही. प्रोजेस्टेरॉनच्या उपचाराने अस्तर बहुधा पूर्ववत होते. रूप बिघडले असेल, म्हणजे रिपोर्टात ‘ॲटिपिया’ असेल, तर धोका खरा. तेव्हा पिशवी काढणेच बहुधा योग्य, आणि तिथे उशीर नको. हा फरक सोनोग्राफीला कळत नाही, तुकड्यातच कळतो. तरीही शंका राहिली तर प्रथिनांची तपासणी करतात. काचेवरच्या पेशींत प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. बिघडलेल्या ग्रंथींत ‘पीटेन’, ‘पॅक्स-२’ ही प्रथिने पुष्कळदा नाहीशी झालेली असतात. एवढ्यावरून निकाल देत नाहीत, पण डॉक्टरांच्या नजरेला आधार मिळतो.

कॅन्सर ठरलाच तर आणखी चार प्रथिने पाहतात. त्यांतले एखादे नसेल तर आजार आनुवंशिक असू शकतो, मग बहिणी-मुलींचीच नव्हे, भावांचीही तपासणी हवी. (आनुवंशिक म्हटले की आपल्याकडे सुनेच्या माहेराचा उद्धार होतो, तेवढा टाळा.)

तालुक्याला ही सोय नसेल, पण तुकडा प्रवास करू शकतो. मेणात बसवलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. नांदेडहून मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंतही नेता येतो. म्हणून रिपोर्ट आणि तो मेणाचा ठोकळा मागून घ्या. काढलेली पिशवीही तपासणीला गेलीच पाहिजे.

बीडनंतर काही जणी दवाखान्यालाच घाबरू लागल्या आहेत. पाळी गेल्यावर पुन्हा लाल डाग दिसला तर मात्र एक दिवसही घरी बसू नका.

त्या ताईंनी तारीख पुढे ढकलली. तुकडा गेला आहे, रिपोर्ट यायचा आहे.