आपल्या कपातला चहा

‘मॅथ्स इज नॉट माय कप ऑफ टी’ हे वाक्य वर्गात हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात असतं, ‘गणित मला जमत नाही.’ पण इंग्लंडमधला माणूस त्याचा अर्थ घेईल, ‘गणितात मला गोडी नाही.’ हा वाक्प्रचार आवडीचा आहे, कुवतीचा नव्हे. शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलगीही तो खुशाल वापरू शकते! जमत नसेल, तर सरळ ‘आय ॲम नॉट गुड ॲट मॅथ्स’ म्हणा. आणि पालकहो, तुमचं पोर यातलं नेमकं काय म्हणतंय, ते विचारून घ्या. दोन्हींवरचे उपाय वेगळे!

समोरच्याच्या आवडीला नावं न ठेवता नकार द्यायला मात्र तो फार सोयीचा. (कुणी खराखुरा चहा पुढे केला, तर ‘नो, थँक यू’च बरं.)

‘अ स्टॉर्म इन अ टीकप’ म्हणजे आपलं पेल्यातलं वादळ; क्षुल्लक गोष्टीवरून माजलेला गोंधळ. अमेरिकेत हेच वादळ किटलीत होतं, ‘अ टेम्पेस्ट इन अ टीपॉट’!

आणि हातातोंडाशी आलेला घास गेला, की इंग्रजीत म्हणतात, ‘देअर इज मेनी अ स्लिप बिट्वीन द कप अँड द लिप.’ यामागे एक ग्रीक कथा सांगतात. ‘तुझ्या मळ्यातल्या द्राक्षांचं मद्य तुला चाखायला मिळणार नाही,’ असं भविष्य अँकिअसला कुणी तरी सांगितलेलं असतं. मद्य तयार होतं, तो हसत पेला उचलतो, तेवढ्यात वर्दी येते : मळ्यात रानडुक्कर शिरलंय! पेला तसाच ठेवून तो धावतो, आणि ते डुक्कर त्याचा जीव घेतं.