जिन्नाची गोष्ट लिहायची आहे, काय वाचू?

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, मी जिन्नाची गोष्ट लिहायलेय. दहा पानं झाली, पुढं जमंना गेलंय. असं लिहायचं तर काय वाचावं लागंल?"

मी शिक्षकी सवयीने उत्तर दिले, "अगोदर धड्याखालचे प्रश्न पूर्ण कर." ती मान हलवून निघून गेली. घरी आल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. वीस वर्षे मी मुलांना "वाचा, वाचा" म्हणून सांगते आहे. आणि एक मूल स्वतःहून काय वाचू विचारत होते, तेव्हा मी त्याला धडा दाखवला. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. तिच्यासारखी मुले ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्यासाठीही आहे.

आमचे गाव जांब समर्थ. समर्थ रामदासांचा जन्म इथे 1608 मध्ये झाला. गावातल्या हिंदू मुलांना अंधारातून जाताना मारुती स्तोत्र आठवते. ते समर्थांनीच लिहिले आणि त्याच्या पठणाने भूतबाधा टळते असे फलश्रुतीत सांगितले आहे. आमच्या मुलांच्या ओठांवर त्याच अंधारात आयतुल कुर्सी असते. विहीर तीच, चिंच तीच, भीतीही तीच. लहानपणी मैत्रिणींबरोबर शेतातून परतताना आम्ही दोन्ही ऐकलेले आहे, एकाच वेळी आणि एकाच वेगाने. त्या वाटेवर कोणी कोणाला "तुझं खरं की माझं" असे विचारले नाही. घर लवकर यावे एवढीच सगळ्यांची इच्छा असायची.

पुस्तकांच्या कपाटात मात्र ही वाट दुभंगते. मराठी भयकथेत पिंपळावरचा मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे, रानात वाट चुकवणारा चकवा आहे. आपल्या वाट्याला आला आहे खवीस. हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला. खबीस म्हणजे दुष्ट, घाणेरडा. भुतांच्या काही जुन्या वर्णनांत खवीस म्हणजे मेलेल्या मुसलमानाचे भूत, असा अर्थ दिलेला सापडतो. मी वाचलेल्या गोष्टींत याखेरीज मुसलमान येतो तो ऊद जाळणारा फकीर म्हणून. वहीत गोष्ट लिहिणारी, भिणारी, विचार करणारी शबाना किंवा रेहाना मला त्या पानांवर भेटली नाही. म्हणून माझ्या विद्यार्थिनीची दहा पाने मला महत्त्वाची वाटतात. ती भुतांच्या यादीतून बाहेर येऊन गोष्ट सांगणाऱ्याच्या जागी बसते आहे.

असे काही लिहायला निघालेल्या मुलांना मोठी माणसे दोन बाजूंनी अडवतात. दोन्ही हरकती मी ऐकल्या आहेत आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे.

पहिली हरकत घरातली. जादू हराम आहे, मग जादूच्या गोष्टी कशाला? माझे मत असे की जादूटोणा करणे आणि जादूची गोष्ट सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पूर्वजांना हा फरक कळत होता. उर्दूतली सर्वांत मोठी दास्तान अमीर हमजाची. नायकाचे नाव पैगंबरांच्या चुलत्यांवरून घेतलेले. तिच्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग 1883 पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून खंडाखंडाने निघू लागला. पहिले खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. पानोपानी जादूगार, राक्षस, मायावी शहरे. लिहिणारे मुसलमान, छापणारे मुन्शी नवलकिशोर हिंदू, आणि ऐकणारे सगळेच. ती दास्तान ऐकून कोणाचा ईमान गेल्याचे मी वाचलेले नाही. मी मुलांना एकच मर्यादा सांगते. पवित्र आयतींचा मंत्रासारखा खेळ करू नका आणि पैगंबरांच्या तोंडी आपली वाक्ये घालू नका. बाकी कल्पनेला रान मोकळे आहे.

दुसरी हरकत शाळेतली. यातून अंधश्रद्धा पसरते. ही हरकत मी हलक्यात घेत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा फसवणाऱ्या आणि मारणाऱ्याला धरतो, गोष्ट लिहिणाऱ्याला नाही. गोष्ट 'समजा'पासून सुरू होते. भोंदू 'हे खरंच आहे' म्हणून सुरुवात करतो आणि मग पैसे मागतो. ज्या मुलाने शंभर भूतकथा वाचल्या आहेत त्याला गोष्ट कशी रचतात ते कळते. माझा अनुभव आहे की असे मूल भोंदूच्या बोलण्यातला रचलेला भाग लवकर ओळखते.

आता काय वाचावे ते सांगते.

पहिले पुस्तक घरातच आहे. कुरआनची बहात्तरावी सूरत 'अल-जिन्न' हिचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत नीट वाचावा. आपल्या डोक्यातला जिन्न बहुतेक सिनेमातून आलेला असतो. सूरतीतले जिन्न कुरआन ऐकतात आणि त्यातले काही ईमान आणतात. त्यांच्यातही नेक आहेत आणि वाट चुकलेले आहेत. त्यांनाही हिशेब द्यायचा आहे. सूरत अर्थातच गोष्टीसाठी आलेली नाही, श्रद्धेने वाचायची आहे. पण ती वाचल्यावर लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येते की जिन्न म्हणजे नुसता दुष्टपणा नव्हे. त्यालाही निवड आहे. निवड आली की पात्र उभे राहते.

दुसरे, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अलिफ लैला मराठीत आणली. पुढे 1976-77 मध्ये गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून तिचे 16 खंड केले. ते खंड मोठ्यांसाठी आहेत, नववीच्या मुलीच्या हाती सरसकट देऊ नयेत. मुलांसाठी निवडक गोष्टींच्या आवृत्त्या मिळतात, त्या द्याव्यात. त्यात कोळी आणि जिन्नाची गोष्ट अवश्य वाचावी. सुलेमान अलैहिस्सलामांच्या हुकुमाने बाटलीत कोंडलेला तो जिन्न सुरुवातीची शतके म्हणत राहतो की सोडवणाऱ्याला श्रीमंत करीन. कोणीच येत नाही. शेवटी संतापून ठरवतो की जो सोडवेल त्याला मारीन. मदत उशिरा आली की आशेचा राग होतो, हे मी मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या गोष्टीतून लवकर शिकले. बीएडला ते पुस्तक सक्तीचे होते, ही गोष्ट मात्र नव्हती.

तिसरे, तिलिस्म-ए-होशरुबाचा एखादा संक्षेप. अमर अय्यारची झंबील मुलांना फार आवडते. छोटीशी थैली, पण आत जग मावते. लिहिणाऱ्याने त्यातून दुसरे काही उचलावे. तिलिस्म कितीही भयंकर असला तरी त्याला कायदा असतो. तो कसा तुटेल हे कुठेतरी पाटीवर, म्हणजे 'लौह'वर लिहिलेले असते. ती पाटी शोधायची असते. आपल्या गोष्टीतल्या जिन्नाला काय करता येते आणि काय करता येत नाही हे ठरवले नाही, तर गोष्ट दहाव्या पानावर अडते. माझ्या विद्यार्थिनीचे नेमके तेच झाले होते. हेच अय्यार आणि तिलिस्म पुढे देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'त आले आणि हिंदीला लाखो वाचक मिळाले. मराठवाड्यात तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूत होते. आपल्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी हिंदूही उर्दू वाचत. ही दास्तान एकट्या मुसलमानांची नाही.

चौथे, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांच्या एका मालिकेचा नायक 'समर्थ' आहे. पहिल्यांदा ते नाव पाहिले तेव्हा मला वाटले पुस्तक आमच्या गावचे आहे. उघडले तर आत अमानवी शक्तींशी लढणारा माणूस निघाला. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर आधारलेली आहे आणि त्यांच्या 'आजी' या कथेचा 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटाशी संबंध सांगितला जातो. परक्या देशातली भीती आपल्या वाड्यात आणून कशी बसवायची हे धारपांकडून शिकावे. मतकरींकडून दुसरी गोष्ट शिकावी. त्यांच्या कथेत भुतापेक्षा माणसाच्या मनाची भीती जास्त वाटते. त्याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण लिहिली आणि मुलांना हसवलेही. भीती आणि हसू शेजारी राहतात. दोघांचीही सगळी पुस्तके सगळ्या वयाला चालणार नाहीत. पालकांनी किंवा शिक्षकांनी आधी चाळून द्यावीत. यासाठी आपल्याला वाचावे लागेल, हे ओघाने आलेच.

पाचवे, एखादे वेगळ्या धाटणीचे पुस्तक. नील गेमनचे 'द ग्रेव्हयार्ड बुक' 2008 मध्ये आले. त्यात कबरस्तानातली भुते एका अनाथ मुलाला वाढवतात. त्याची प्रेरणा किपलिंगचे 'जंगल बुक', म्हणजे आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलाची गोष्ट. प्रेरणा अशीही येते. त्याच न्यायाने आपल्या मुलांनी विहिरींवर, दुष्काळावर, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांवर लिहिलेले वाचावे. मागे राहिलेली मुले आणि रिकामे घर यापेक्षा भयाण जागा मला तरी माहीत नाही. आणि कोणी म्हणाले की मुस्लिम मुलगी अशा कथेची नायिका कशी होईल, तर त्याला जी. विलो विल्सन दाखवावी. या मुस्लिम लेखिकेने 2012 मध्ये 'अलिफ द अनसीन'मध्ये जिन्न आणि संगणक एकत्र आणले, आणि 2014 मध्ये कमला खान या न्यू जर्सीतल्या मुस्लिम शाळकरी मुलीला मार्व्हलच्या कॉमिकात स्वतःची मालिका दिली.

ही पुस्तके मिळणार कुठे, हा खरा प्रश्न आहे. एका वाचनालयात मी धारप मागितले तेव्हा "पोरींना कशाला असलं?" असे उत्तर मिळाले. उर्दूचे कपाट तर नव्हतेच. दुसरीकडे उर्दू होते, पण मराठी मुलांसाठी काही नव्हते. दोन्ही भाषा वाचणाऱ्या आपल्या मुलांना दोन दारे ठोठावी लागतात आणि दोन्हीकडे अर्धेच मिळते. मोबाइलवर 'रेख्ता'ला जुनी उर्दू पुस्तके फुकट वाचता येतात. मुंबईहून 'गुल बूटे' हे मुलांचे उर्दू मासिक निघते. शाळेच्या ग्रंथालयाला दरवर्षी थोडेतरी पैसे येतात, त्यातून पाच पुस्तके अशी घ्यावीत. मशिदीत आणि मदरशात दीनी किताबांचे कपाट असते, तिथे एक फळी मुलांच्या गोष्टींची का नसावी? मला वाटते ही मागणी आपणच करायला हवी. मुले वाचत नाहीत म्हणून रडायचे आणि मुलांनी मागितलेले पुस्तक मात्र आणायचे नाही, हे बरोबर नाही.

दोन दिवसांनी मी त्या मुलीला बोलावून माफी मागितली आणि ही यादी दिली. तेव्हा तिने जिन्नाची गोष्ट का लिहिते आहे ते सांगितले. तिच्या चुलत बहिणीला झटके यायचे. लोक म्हणाले, जिन्न का साया है. एका आमिलकडे नेले, पैसे गेले, पोरीच्या अंगावर वळ उठले. वर्षभराने डॉक्टरांनी फेफऱ्याचे औषध सुरू केले आणि झटके कमी झाले. पण मोहल्ल्यात अजून तिला 'जिन्नवाली' म्हणतात.

महिन्याभराने वही परत आली, या वेळी सव्वीस पाने. गोष्टीत एक म्हातारा जिन्न रात्री मुलीच्या खिडकीशी येतो. तो पाच वक्त नमाजी आहे आणि फार दुखावलेला आहे. त्याचे म्हणणे एवढेच की मी या पोरीला कधी हातही लावला नाही, माझे नाव सांगून तिला मारणाऱ्याला अगोदर विचारा. शेवटी तो साक्ष द्यायला तयार होतो, पण त्याची साक्ष घेणार कोण, तिथे गोष्ट थांबते.

व्याकरणाच्या चुका होत्या. मी पेन्सिलने दुरुस्त केल्या. वही तिने बहिणीला वाचायला दिली आहे.