जिनीव्हाचा हिशेब चिंचणीच्या पोरांनीं शिकावा कीं नाहीं ?

जागतिक संस्थांचें अर्थशास्त्र हा म्हणे मोठ्यांचा विषय. कोळ्याकुणब्यांच्या पोरांनीं हातधंदा शिकून पोट भरावें, असा उपदेश पांढरपेशे शहाणे आम्हांस करीत असतात. हातधंद्यास आम्ही कमी लेखीत नाहीं; दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आमच्याच गांवचे आहेत. पण बाकीचा उपदेश आम्हांस कबूल नाहीं.

बंधूंनो, शेजारची तारापूरची अणुभट्टी पाहा. ती १९६९ सालीं चालू झाली. तिच्या इंधनाचा करार १९६३ सालचा, अमेरिकेशीं झालेला. १९७४ सालीं पोखरणला स्फोट झाला, १९७८ सालीं अमेरिकेनें आपला कायदा बदलला, आणि इंधन अडलें. १९८२ सालीं फ्रान्सनें तें देऊं केलें तेव्हां निभावलें. चूल आमच्या दारांत, आणि सरपणाच्या कोठीची किल्ली परक्याच्या कमरेला !

आतां होड्यांकडे वळूं. डिझेलावरील कराचा परतावा लांबला कीं कोळ्याच्या घरचा हिशेब कोलमडतो, हें सांगावयास नको. मासेमारीस सरकारनें काय मदत द्यावी, ह्यावर जागतिक व्यापार संघटनेनें जून २०२२ मध्यें जिनीव्हास करार केला. १५ सप्टेंबर २०२५ पासून तो, ज्या देशांनीं मान्य केला त्यांस लागू झाला. बेकायदा मासेमारीची मदत त्यांत बंद आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. खरा वाद पुढेंच आहे. ज्या मदतीनें बोटी फाजील वाढतात ती किती तोडावी, हें २०२४ सालीं अबूधाबीसही ठरलें नाहीं. आपल्या सरकारनें पंचवीस वर्षांची मुदत मागितली होती. कारखान्याएवढ्या जहाजांनीं दर्या खरवडणारा देश आणि आमचा जाळेंवाला ह्यांस एकच माप लावावयाचें काय ? हा प्रश्न तेथें कोण विचारणार ? ज्याच्या घरांत जाळें आहे त्याचा पोरगा, कीं ज्यानें मासळी ताटांतच पाहिली तो ?

नाणेनिधीची तऱ्हा आणखी निराळी. आमच्या सोसायटींत दहा शेअरवाल्यास एक मत, एक शेअरवाल्यासही एकच. तेथें पैशाप्रमाणें मत. अमेरिकेचीं मतें शेंकडा सुमारें १६.५, आणि फार मोठ्या ठरावास ८५ लागतात. म्हणजे ती एकटी ठराव पाडूं शकते. आम्ही सातवीस शेंकडेवारी शिकवितों. तिच्यांत हें उदाहरण घालण्यास कोणाची हरकत आहे ?

परदेश आम्हांस परका नाहीं. आमच्या चिंचणींत सांपडलेल्या ताम्रपटांत, दहाव्या शतकांत राष्ट्रकूटांनीं संजाणचा कारभार एका अरबाकडे सोपविल्याची नोंद आहे. आणि अर्थशास्त्र झेपणार नाहीं म्हणणारांस इतकेंच सांगतों : एका सुभेदाराच्या मुलानें, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं, १९२३ सालीं लंडनमध्यें रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला, आणि दोन वर्षांनीं सरकारी चलन कमिशनपुढें साक्ष दिली.

व्यापार संघटनेच्या अधिकृत भाषा तीन : इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश. म्हणून आमची मागणी अशी कीं, सरकारनें हा मासेमारीचा करार सोप्या मराठींत छापून प्रत्येक मच्छिमार सोसायटीच्या दारावर लावावा. आणि सोसायट्यांनीं दरसाल एक मुलगा किंवा मुलगी हा विषय शिकण्यास मुंबईच्या विद्यापीठांत धाडावी. वर्गणींत आपला वांटा घालण्यास आम्ही मास्तर मंडळी तयार आहों.