पायथॉन २ची निवृत्ती अकाली नव्हती

पायथॉन २ या संगणकभाषेची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. चालती आवृत्ती एकाएकी मोडीत काढली, हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. पायथॉन ३ डिसेंबर २००८मध्ये आली; जुन्या आवृत्तीची २०१५ची मुदतही पुढे पाच वर्षांनी वाढवली गेली. अकरा वर्षांना घाई म्हणणे कठीण.

बदलाचे मुख्य कारण मजकूर हाताळण्याच्या पद्धतीचे. जुन्या आवृत्तीत साधा मजकूर म्हणजे बाइटांची रांग. यूटीएफ-८ या संकेतनातल्या ‘आदिलाबाद’ची लांबी २४ भरे. नवीत ती ८ भरते, काना-वेलांटी वेगळी मोजून. याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी जून २०१८मध्ये युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकाच्या ११व्या आवृत्तीत दाखल झाली. पायथॉन २.७ची अक्षरसारणी युनिकोड ५.२वरच थांबलेली, त्यामुळे ही अक्षरे तिला अनोळखी, पायथॉन ३.७ त्यांना ओळखते.

आक्षेपातला एक भाग खरा आहे: जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत नेणे सोपे नाही. ७/२चे उत्तर जुनीत ३, नवीत ३.५. प्रोग्रॅम बंद न पडता उत्तरच बदलते, आणि हिशेबात अशी जागा शोधणे जिकिरीचे. २.७.१८ ही अखेरची आवृत्ती एप्रिल २०२०मध्ये निघाली. ती वापरायला मनाई नाही. सुरक्षेच्या त्रुटी मात्र मूळ संघ आता दुरुस्त करत नाही.