डिक्कीत गूळ, पुढं ऊस

गाड्यांवर लिहायचं, असं मी २०२१ च्या दिवाळीत ठरवलं. नुसतं ठरवून भागत नाही, गाडी लागते. कंपन्या नव्या गाड्या चालवायला देतात, पण आधी लिहिलेल्यांना. आणि लिहायचं तर आधी गाडी पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

पत्रकारांसाठीच्या गाड्या मुंबई-पुण्यात उभ्या असतात. एका कंपनीच्या प्रसिद्धी खात्याला मी तीन मेल पाठवले. तिसऱ्याला उत्तर आलं : आपले वाचक किती? तेव्हा दोन होते, त्यातली एक बायको.

मग साताऱ्यातल्या एका शोरूममध्ये गिऱ्हाईक बनून गेलो. शेजारी सेल्समन. वाढे फाट्यापर्यंत जायचं, वळायचं, परत. चौथा गिअर टाकतोय तोवर फाटा आला. "यवतेश्वरच्या घाटात नेऊ का?" म्हटलं, तर म्हणाला, "साहेब, बुकिंग करा, मग रोज न्या." त्याचंही बरोबरच होतं.

राहिली सांगलीच्या मामाची डिझेल गाडी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, मामा रागवेल. "माझ्या गाडीवर लिवणार व्हय? लिव की. पण खोट काढलीस तर डिझेल तू भरायचं."

डिसेंबरात मामा-मामींना घेऊन संध्याकाळी सांगलीहून साताऱ्याला निघालो. टाकी काठोकाठ भरली, किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. जाहिरातीतलं मायलेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चालवून काढतात, एसी बंद ठेवून. त्या गाडीत मामी नसते, डिक्कीत गुळाच्या चार ढेपा नसतात आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर नसतो.

आमच्यापुढं होता. आष्ट्याच्या अलीकडं समोरून एका ट्रकनं अप्पर मारला. मी डिपर दिला आणि माझ्या उजेडात रस्ता नुसता काळा झाला. "आरं, ऊस!" मामी मागून ओरडली. दहा-बारा हातांवर उसाची टोकं काचेकडं रोखलेली. एकामागं एक दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टरवर गाणी मात्र फुल्ल. ब्रेकवर उभाच राहिलो. डिक्कीतली ढेप सीटच्या पाठीवर येऊन आदळली. गाडी सरळ रेषेत थांबली, हे मला दोन मिनिटांनी लक्षात आलं. मामा एवढंच म्हणाला, "ब्रेकचं लिव आता." कराडला चहाला थांबलो तेव्हा वहीत लिहिलं : ब्रेक चांगले. हेडलाइट - मामीला आधी दिसतं.

लेखाचा अर्धा भाग त्या उजेडावरच खर्ची पडला. एका संपादकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वाचनीय आहे. पण ही गाडी कंपनीनं बंद करून सहा वर्षं झाली." खरं होतं. पण आमच्या गल्लीत 'गाडी घेतली' म्हणजे बहुतेकदा जुनीच घेतलेली असते, आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही.

त्याच डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गाडी देशभर गाजली. भंगारातल्या सुट्या भागांची जीपसारखी गाडी, खर्च साठेक हजार, चालू करायला दुचाकीसारखी किक. आनंद महिंद्रांनी ट्विट करून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली आणि त्यांची गाडी महिंद्रांच्या संग्रहासाठी गेली.

किकबद्दल सगळ्यांनी लिहिलं, बोलेरोबद्दल लिहिलं. ती गाडी चालते कशी, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. देवराष्ट्रे मामाच्या घरापासून तास-दीड तासावर. कुणाला मेल करायला नको, वाचक किती हे विचारायला कुणी नाही. आणि मी त्या दिवसांत काय करत होतो, तर मुंबईला पाठवायच्या चौथ्या मेलचं इंग्रजी तपासत होतो.

बोलेरोची बातमी वाचली त्या रात्री वहीत प्रश्न लिहिले. चढाला बंद पडली तर किक मारेपर्यंत मागं सरकते का? सागरेश्वरच्या चढावर चौघांना घेऊन कितव्या गिअरात जाते? खड्ड्यात आधी काय वाजतं? सकाळी मामाला फोन करून वाचून दाखवले.

"गाडी गेली की रं," मामा म्हणाला. "आता इचारतोस व्हय?"